धुरावर जगणारी घरं

या घरांना धुराडं नाही. खिडकी असलीच तर हातभर. पश्चिमेला एक दार, आत चोपून घट्ट केलेली मातीची जमीन, मधोमध चूल. चुलीतून निघालेल्या धुराने कुठे जायचं ते त्याचं त्यानेच ठरवायचं. थोडा दारातून जातो. उरलेला वर चढतो, आढ्याखाली घुटमळतो, बोरूच्या जाड थरात शिरतो आणि कांड्याकांड्यांमधून वाट काढत बाहेर झिरपतो. आत राहणाऱ्यांचे डोळे चुरचुरत असणार, अंथरुणा-पांघरुणाला कायमचा वास लागत असणार, लहान मुलं खोकत असणार. तरी त्या धुराला घालवून द्यायची घाई कुणाला नव्हती.

बोरू कितीही चिवट असला तरी ते शेवटी गवतच. ओल धरली की त्याला बुरशी येते, कीड लागते. चुलीची ऊब रोजच्या रोज ती ओल उडवते. धुरातला चिकट अंश कांडीकांडीवर चढत जातो, आणि छपराची आतली बाजू काळी कुळकुळीत होते. त्या काळ्या लेपाला कीड सहसा तोंड लावत नाही. स्वयंपाक माणसांसाठी व्हायचा आणि त्यात छपराचंही पोट भरायचं.

ही घरं इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात आहेत. व्हेनिसहून त्रिएस्तेकडे निघालं की ताल्यामेंतो आणि इझोंत्सो या दोन नद्यांच्या मुखांमध्ये एड्रिअ‍ॅटिकच्या काठाने एक लांबलचक खाजण पसरलेलं आहे. त्याचा पश्चिमेकडचा भाग मारानोचा, पूर्वेकडचा ग्रादोचा; दोन्ही मिळून सुमारे १६० चौरस किलोमीटर. नद्यांनी आल्प्सचा गाळ आणून ओतायचा, समुद्राने वाळूचे बांध घालून तो अडवायचा, आणि या दोघांच्या मधल्या जागेला धड जमीन म्हणता येऊ नये, धड पाणीही म्हणता येऊ नये. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी फारशी नाही. या उत्तर टोकाला मात्र ती जाणवते, मोठ्या भरतीला मीटरभर. कोकणातल्या उधाणापुढे हे काहीच नाही. पण इतक्या सपाट जागी मीटरभर पाणी केवढं तरी पसरतं, आणि उतरलं की मागे चकाकणारा चिखल, त्यात नागमोडी ओहोळ, आणि चिखलात चोची खुपसून चालणारे पाणपक्षी.

या चिखलावर माणसांनी गाळ, माती आणि शिंपले टाकून उंचवटे केले. त्यांना तिथे ‘मोता’ म्हणतात. मोत्यावर झाऊची काही झुडपं, होडी बांधायला दोन खुंट, आणि एक बोरूचं घर, ‘काझोने’. अनेक असली की ‘काझोनी’.

त्रिएस्तेला माझी भाची असते. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ साली तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभारलं. तेव्हापासून त्या गावाला भारतातून येणाऱ्या संशोधकांची सवय आहे, त्यांत मराठी मुलंमुलीही आहेत. भाची माझी चार पुस्तकं वाचून फिरणारी नाही, पण मला काय बघायला आवडेल ते तिला बरोबर कळतं. “मावशी, तुला व्हेनिस नको, तुला मी गवताची घरं दाखवते,” असं म्हणून ती मला ग्रादोला घेऊन गेली. सत्तरीच्या पुढचे एक नावाडी तिच्या ओळखीचे होते. त्यांचं बालपण अशाच एका मोत्यावर गेलेलं. ते ग्रादोच्या बोलीत बोलत, भाची इटालियनमधून त्याचा अंदाज घेई आणि मला मराठीत सांगे. दोन ठिकाणी गाळून आलेलं ते बोलणं माझ्यापर्यंत पोचेस्तोवर होडी पुढच्या खुणेशी गेलेली असे. पण हात बोलत होते, आणि हातांचं बोलणं मला थेट कळत होतं.

पहिली गोष्ट त्यांनी दाखवली ती दाराची दिशा. कुठल्याही मोत्यावर जा, जुन्या घराचं दार पश्चिमेला. कारण बोरा. हा वारा पूर्व-ईशान्येकडून, डोंगरावरून खाली कोसळतो. त्रिएस्तेत त्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातात, आणि पूर्वी तिथल्या रस्त्यांवर धरून चालायला दोर बांधत. खाजणात त्याला अडवायला ना टेकडी ना झाड. तेव्हा घराने त्याच्याकडे पाठ करून बसायचं. छपराचा उतार इतका खडा की पावसाचं पाणी थांबत नाही, आणि कडा इतक्या खाली आणलेल्या की वाऱ्याला आत बोट घालायला फट मिळत नाही. घर मालकाच्या हौशीने फिरवायची सोय नाही. सगळ्या मोत्यांवरची दारं एकाच दिशेला बघतात, त्यामुळे शेजारी कितीही लांब असला तरी त्याचंही दार कुठे आहे ते अंधारात ठाऊक असतं.

बोरू हिवाळ्यात कापतात. पानं बहुतेक झडलेली असतात, रस उतरलेला असतो, कांडी वाळून सोनेरी झालेली असते. जिथे नदीचं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं तिथे त्याची दाट बेटं वाढतात. मारानोच्या बाजूला स्तेल्ला नदीच्या मुखाशी तर बोरूचं रानच आहे, आणि त्या रानाच्या कुशीत काझोनींची एक अख्खी वस्ती. कापलेल्या बोरूच्या पेंढ्या बांधायच्या. चिखलात रोवलेल्या खांबांवर आढं, आढ्यावरून खाली वासे, वाशांवर आडव्या काठ्या, आणि मग पेंढ्यांचा पहिला थर अगदी खालून. त्यावर चढता दुसरा, त्यावर तिसरा, प्रत्येक वरच्याने खालच्याची गाठ झाकायची. बांधायला विलोच्या ओल्या, लवचीक फांद्या. भिंतीही बोरूच्याच. लोखंडाशिवाय अख्खं घर उभं राहतं.

हे सगळं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या आजोळी घर कौलारू होतं, पण शेताच्या बांधावरचा मांगर गवताने शाकारलेला होता. मृग लागायच्या आत शाकारणी व्हायची. तीही खालून वर, तीही प्रत्येक गाठ झाकत. भाताची लावणी आटोपली की पावसाळाभर मांगरात कुणी नसे. तरी दर काही दिवसांनी आजी इरलं डोक्यावर घेऊन चिखलातून तिकडे जाई. बरोबर सोडणं, करवंट्या आणि घरातला एक निखारा, तोही मडक्यात झाकलेला. मांगराच्या कोपऱ्यात ती धूर करी, पाण्याने गळणाऱ्या डोळ्यांनी तिथेच बसून राही आणि धूर वळचणीतून बाहेर निघायला लागला की उठे. तिथे ना गुरं, ना माणसं, ना भात. मी तिला विचारलं होतं, कुणासाठी? ती म्हणाली, “मांगराक धूर होयो, नायतर गवात कुसतला.” एवढंच. जेवायला वाढायचं तशी ती मांगराला धूर वाढून येई.

ग्रादोच्या खाजणात, एका काळ्या छपराखाली उभी राहून वर बघताना मला तो वास आला. माशांचा आणि समुद्राचा वास त्यात होता, पण त्याच्या बुडाशी जो होता तो मांगराचाच.

या घरांत लोक केवळ रात्रीपुरते टेकत नसत. कुटुंबंच्या कुटुंबं वर्षाचा मोठा काळ मोत्यावर काढत. वसंतात मासळी समुद्रातून आत येते, कारण उथळ पाणी लवकर तापतं आणि चिखलात खायला भरपूर असतं. शरद सरला, पाणी गार पडायला लागलं की ती परत खोल समुद्राकडे निघते. कोळ्याचं वर्ष या येण्याजाण्यावर बेतलेलं. भरती पूर्ण भरली की खुंट ठोकून चिखलाचा एक पट्टाच्या पट्टा जाळ्याने वेढायचा आणि ओहोटीची वाट बघत बसायचं. पाणी निघून जातं, मासे जाळ्याच्या आत राहतात. बोय, वाम, चपटे तळमासे, खेकडे. आपल्याकडच्या खाडीत खुंटांवर जाळी लावणाऱ्याला हे दाखवलं तर तो मान डोलावेल आणि जाळ्याची वीण बघायला वाकेल. सपाट बुडाच्या होडीला तिथे ‘बातेला’ म्हणतात. उभ्याने, तोंड पुढे करून वल्हवायची, कारण समोर चिखल कुठे वर आलाय हे दिसलं पाहिजे. बायकाही वल्हवत. जाळी त्याच सांधत, चूल त्याच सांभाळत, आणि विझू न देण्याची जबाबदारीही त्यांचीच. आमचे नावाडी सांगत होते, त्यांची आई रात्री उठून निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची. त्यांना झोपेत तो फावड्याचा खरखर आवाज ऐकू यायचा, आणि तो ऐकू आला की आणखी गाढ झोप लागायची.

त्या चुलीवर शिजायचं ते ‘बोरेतो’. ग्रादोला आजही हे करतात आणि त्याच्याबद्दल फार हळवे असतात. तेलात लसूण टाकायचा, तो काळा पडेपर्यंत तळायचा आणि काढून टाकायचा. त्या तेलात मासे, वरून मीठ, पुष्कळ मिरी, आणि व्हिनेगर. टोमॅटो नाही. कांदाही नाही. रस आटून मासळीला लपेटला की झालं. बरोबर पांढऱ्या मक्याची घट्ट पोलेंता. चांगली मासळी बाजारात जायची, जे विकलं जाणार नाही ते या भांड्यात. पहिला घास घेतला आणि मिरीने नाक चुरचुरलं, मग आंबटपणा आला, मग अगदी शेवटी मासा. आमच्याकडे कोकम जे करतं ते इथे व्हिनेगर करतं. काट्याचे, चिखलाच्या चवीचे मासे रोज खाणाऱ्या माणसांनी जगाच्या दोन काठांवर एकच उपाय शोधला आहे. भाचीने पोलेंतेचा तुकडा मोडून रसात बुडवला आणि म्हणाली, “मावशी, ही आपली भाकरी आणि तिखलं.” मला ते पटलं, फक्त तिरफळाची आठवण राहिली.

जुलैच्या पहिल्या रविवारी ग्रादोहून सजवलेल्या होड्या खाजणातल्या बार्बाना बेटावरच्या मरियमेच्या देवळाला जातात. १२३७ साली साथीतून गाव वाचलं म्हणून बोललेला तो नवस, अजून फेडला जातो. एरवी विखुरलेल्या मोत्यांवरच्या माणसांना एकमेकांचे चेहरे भरदिवसा दिसायचे ते अशा दिवशी, असं नावाडी म्हणाले. कित्येकांची लग्नं तिथेच ठरली.

दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी इथे आला तो १९६९ साली, ‘मेदेआ’ चित्रपटासाठी. मारिया कालास त्यात होती. नरतुरंग आणि त्याने वाढवलेला पोरका जेसन यांचे सुरुवातीचे प्रसंग त्याने ग्रादोच्या खाजणात, साफोन नावाच्या मोत्यावर आणि तिथल्या काझोनेपाशी चित्रित केले. देव अजून जमिनीवर, पाण्यात, प्रत्येक गोष्टीत होते अशा काळाचं घर त्याला हवं होतं, आणि त्याला ते गवताचं सापडलं. चित्रपट मला आवडतो. त्यातलं ते पाणी आणि तो प्रकाश खरा आहे. पण काझोनेला इतिहासाआधीचं घर म्हणून बघणं मला मान्य नाही. तिथून थोड्या अंतरावर आक्विलेया आहे, इसवी सनापूर्वी १८१ मध्ये रोमनांनी वसवलेलं. त्याच्यावर स्वाऱ्या होत राहिल्या आणि माणसं जीव घेऊन खाजणात पळत राहिली. ४५२ साली तर अटिलाने ते लुटलं. ग्रादोतली सांत एउफेमियाची बॅसिलिका ५७९ सालची. तिच्या जमिनीवर लाटांची नक्षी असलेलं मोझेक आहे, त्यावरून अनवाणी चालावंसं वाटतं. त्या बॅसिलिकेइतकाच गवताच्या घरांनाही इतिहास आहे. फरक इतकाच की दगडाने तो सांभाळून ठेवला, आणि बोरूने दर काही वर्षांनी कुणाच्या तरी हातांकडून तो पुन्हा करून घेतला. पळून आलेल्यांना, वारा ओळखणाऱ्यांना, भाव मिळेल म्हणून चांगला मासा विकून काट्याचा खाणाऱ्यांना इतिहासाबाहेर बसवणं बरं नाही.

बियाजो मारीनला हे ठाऊक होतं. तो ग्रादोचाच, १८९१ साली जन्मला तेव्हा गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. १९८५ साली गेला तोही इथेच. आयुष्यभर तो मुख्यतः गावच्या बोलीत कविता लिहीत राहिला, जी बोली काही हजार माणसांपलीकडे कुणी बोलत नव्हतं. १९१२ साली आलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहाच्या नावातच खाजणातल्या खाऱ्या जमिनीवरची फुलं आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीला ही जांभळी फुलं मोत्यांच्या कडेने फुलतात. त्यांना सुगंध नाही, पाकळ्या कागदासारख्या कोरड्या, तोडून ठेवली तरी रंग जात नाही. मला त्यांचा एक पट्टा सापडला. मी तिथे बराच वेळ बसले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोते हळूहळू रिकामे झाले. गावात वीज होती, शाळा होती, डॉक्टर होता; ऑस्ट्रियाच्या बादशहाने १८९२ सालीच ग्रादोला समुद्रस्नानाचं आरोग्यधाम म्हणून मान्यता दिली होती, त्यामुळे हॉटेलांत कामही होतं. ओलीत, धुरात, मुलांच्या खोकल्यात राहणाऱ्या आईने पोरांना घेऊन गावात यायचं ठरवलं, तर तिला नावं ठेवायचा अधिकार माझ्यासारख्या पाहुणीला नाही. नावाडी म्हणाले, त्यांची आई गावातल्या घरात गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात भिंतीला हात लावून लावून बघायची. कोरड्या भिंतीचं तिला इतकं कौतुक होतं.

आज काही काझोनी पडल्या आहेत, काही सांभाळल्या आहेत. नातवंडं सुटीला येतात, होडी बांधतात, आत गॅसची शेगडी आणि सिलिंडर आहे, खुर्च्या आहेत. छप्पर नीट पेंढ्यांचं, बाहेरून बघाल तर जुन्याहून देखणं. आमचे नावाडी अशा एका छपराखाली उभे राहिले, हात वर करून त्यांनी एक कांडी ओढली. ती सहज आली. आतून करडी, ओलसर, बोटांत चुरडली जाणारी. मग ते आम्हाला त्यांच्या भावाच्या काझोनेत घेऊन गेले. तिथे मधली चूल अजून आहे आणि शनिवार-रविवार ती पेटते. तिथलीही कांडी त्यांनी ओढून दाखवली. निघाली नाही. त्यांचा हात मात्र मनगटापर्यंत काळा झाला, आणि तो हात त्यांनी भाचीसमोर असा धरला, जणू काही सिद्धता मांडली. ती भौतिकशास्त्राची मुलगी, तिने बारकाईने पाहिला.

माझं सगळं म्हणणं त्या हातात आहे. वारसा जपायला निघालेली माणसं बोरू आणतात, खांब आणतात, जुनी मोजमापं शोधतात, आणि हे सगळं करायलाच हवं. त्याशिवाय घर उभंच राहणार नाही. पण घराच्या जगण्याचा जो भाग नकाशात काढता येत नाही, तो कुणीतरी रोज तिथे भूक लागून चूल पेटवण्याचा आहे. रिकाम्या घराला पैसे पुरवता येतात, धूर कोण पुरवणार? गॅस स्वच्छ आहे, डोळ्यांना सुखाचा आहे, आणि छपराला उपाशी ठेवतो. म्हणून मला वाटतं, एखादी काझोने वाचवायची तर तिच्या शाकारणीच्या खर्चाइतकाच विचार, तिथे हिवाळ्यात कोण जेवणार आहे याचाही व्हावा. माझ्या आजीने तो केला होता. मांगराच्या कोपऱ्यातला तिचा धूर म्हणजे जुन्याचा हट्ट नव्हता, ती शेतीच्या कामाइतकीच एक पावसाळी पाळी होती. आजी गेल्यावर मांगराला आम्ही पत्रे घातले. पत्र्यांना धूर लागत नाही.

खाजणाच्या पुढे आणखीही काळज्या आहेत. इझोंत्सोने गाळाबरोबर वरच्या इद्रिया गावातल्या खाणीतला पाराही शतकानुशतकं खाली आणला, तो चिखलात आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा निळा खेकडा अलीकडे इथल्या पाण्यात बेसुमार वाढला आहे. शिंपले फोडतो, जाळी फाडतो. समुद्र चढतो आहे आणि मोत्यांच्या कडा ढासळताहेत. नावाडी या सगळ्यावर थोडक्यात बोलले, हाताने पाण्याकडे दाखवून, जसं आपण घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलतो तसं. छपराविषयी विचारलं की मात्र त्यांचा आवाज उंचावे.

परतताना त्यांनी भावाच्या घराची पूर्वेची बाजू दाखवली. बोराने वरचे दोन थर विस्कटले होते. जानेवारीत बोरू कापायचा आहे, ते म्हणाले, आणि कोण कोण येणार ते बोटांवर मोजायला लागले. भाऊ. भावाचा जावई, पण त्याची पाठ दुखते. मारानोचा एक तरुण कोळी, त्याला खेकड्यांनी वेळ दिला तर. ते स्वतः. अंगठ्यापाशी येऊन थांबले. पाचवं माणूस लागतंच, कारण वर बांधणाऱ्याला खालून पेंढी देणारं कुणीतरी हवं. बांधणाऱ्याने उतरून पेंढी घ्यायची म्हटलं तर दिवस मावळतो. आजोळी शाकारणीला पेंढी द्यायचं काम पोरांचं असे. मी पुष्कळ दिल्या आहेत, दोन्ही हातांनी, देठ वर करून, हे मी भाचीला सांगितलं. तिने ते त्यांना सांगितलं. ते माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले, मग तिच्याकडे.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, सिन्योराला बोरू ठाऊक आहे. आणि मला विचारतात, तुला जानेवारीत सुटी आहे का.”

तिने उत्तर मला मराठीत सांगायच्या आधीच त्यांना देऊन टाकलं होतं. त्यांनी तिचे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, जाड हातमोजे आण. बोरूचं पान कापतं.